एका पीएनआरचे तीन पीएनआर : लेह–दिल्ली–पुणे प्रवासातील विमानसेवेचे परीक्षण

उन्हाळी सुट्टी लडाखमध्ये घालवून जूनमध्ये पुण्याला परतताना आम्ही पाच जणांनी, म्हणजे मी, पत्नी, पंधरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई यांनी, एका खासगी विमान कंपनीची सेवा घेतली. लेह ते दिल्ली आणि दिल्ली ते पुणे हे दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर होते. दोन स्वतंत्र तिकिटे काढली असती तर थोडे पैसे वाचले असते. परंतु एकाच पीएनआरवर पहिल्या विमानाला उशीर झाला किंवा ते रद्द झाले तरी पुढच्या प्रवासाची जबाबदारी कंपनीवर राहते, बॅगा थेट पुण्यापर्यंत टॅग होतात आणि आईसाठी नोंदवलेली व्हीलचेअर दोन्ही ठिकाणी मिळते. ज्या तीन गोष्टींसाठी जास्त भाडे मोजले, त्या तिन्ही कंपनीने पुरवल्या की नाही, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

लेहचे कुशोक बकुला रिम्पोची विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. ते हवाई दलाच्या अखत्यारीत असून भोवतालच्या डोंगरांमुळे तेथे विमाने एका बाजूने उतरतात आणि त्याच बाजूने परत उडतात. दुपारकडे वारे वाढतात, म्हणून बहुतेक नागरी उड्डाणे सकाळीच उरकली जातात. शिवाय मुळात विरळ असलेली हवा ऊन चढले की आणखी विरळ होते, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी विमानाला नेहमीइतके वजन नेता येत नाही. उकाडा फारच वाढला तर उड्डाणच रद्द करावे लागते. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहमध्ये असे लागोपाठ काही दिवस घडले होते. तात्पर्य, लेहचे विमान रद्द झाले म्हणून कोणी कंपनीला दोष देऊ लागले तर मी कंपनीची बाजू घेईन. वैमानिकाने उतरण्यास नकार दिला असेल तर त्याचे आभारच मानायला हवेत.

आमच्या बाबतीत मात्र थोडे वेगळे घडले. त्या सकाळी इतर कंपन्यांची विमाने आमच्या डोळ्यांदेखत उतरली आणि प्रवासी घेऊन परतही गेली. आम्हाला नेणारे विमान दिल्लीहूनच उशिरा निघाले. ते लेहच्या आकाशात पोहोचेपर्यंत वारा वाढला होता आणि ते न उतरता माघारी गेले. मोबाइलवर आलेल्या संदेशात उड्डाण ‘परिचालन कारणास्तव’ रद्द झाल्याचे म्हटले होते. पुढे तक्रारीला आलेल्या उत्तरात त्याच उड्डाणाचे कारण ‘प्रतिकूल हवामान’ असे झाले. दिल्लीहून उशीर का झाला, याविषयी कंपनीने ना तेव्हा काही सांगितले, ना नंतर. येथे एक आनुषंगिक गोष्ट नोंदवायला हवी. बाहेरील राज्यांतील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. अशा ठिकाणी ‘मेसेज येईल’ असे सांगून काउंटर सोडून जाणे म्हणजे निम्म्या प्रवाशांना अंधारात ठेवणे होय. आमच्या मागे उभ्या असलेल्या एका वृद्ध जोडप्याला उड्डाण रद्द झाल्याचे आमच्याकडूनच कळले.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार उड्डाण ऐनवेळी रद्द झाल्यास प्रवाशाला पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक निवडण्याचा हक्क असतो आणि विमानतळावर येऊन पोहोचलेल्या प्रवाशांच्या अल्पोपाहाराची सोय कंपनीने करावयाची असते. अल्पोपाहार मिळाला, तोही मागितल्यावर. पर्यायी उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळचे मिळाले. लेहमध्ये रात्रभर राहण्याचा खर्च आमचा आम्ही केला, कारण ‘हवामानाच्या बाबतीत हॉटेल देत नाही’ असे काउंटरवरून तोंडी सांगण्यात आले. हेच वाक्य लेखी द्या म्हटल्यावर संबंधित कर्मचारी आत निघून गेला. थोड्या वेळाने एक तरुण कर्मचारी बाहेर आली. तिने आमची नावे लिहून घेतली, आईला बसायला खुर्ची दिली आणि पर्यायी उड्डाणाचे तिकीट स्वतः छापून आणून दिले. तिच्या वागण्याबद्दल तक्रारीला जागा नाही.

खरी अडचण त्या छापील कागदातच होती. आमचा एक पीएनआर मोडून त्याचे तीन झाले होते : पत्नी आणि मी एका पीएनआरवर, आई आणि मुलगी दुसऱ्यावर, मुलगा एकटा तिसऱ्यावर. दुसऱ्या दिवशीच्या विमानात जिथे जिथे जागा रिकामी दिसली तिथे संगणकाने एकेक नाव बसवले असावे, आणि अशा गर्दीच्या दिवशी पीएनआर फोडण्यावाचून कधी कधी इलाजही नसतो. परंतु फोडलेले पीएनआर एकमेकांशी जोडून ठेवणे, त्यांच्यावरील विशेष नोंदी पुढे नेणे आणि हे प्रवाशाला समजावून सांगणे, यांपैकी एकही गोष्ट कंपनीने केली नाही. पुढील चोवीस तासांतील जवळपास प्रत्येक त्रासाचे मूळ येथे आहे.

सर्वप्रथम व्हीलचेअरची नोंद गळाली. लेहसारख्या ठिकाणी, जिथे धडधाकट माणसालाही जिना चढताना धाप लागते, तिथे आईला चेक-इनच्या रांगेत उभे करून नव्याने विनंती नोंदवावी लागली. त्यानंतर जागांचा प्रश्न आला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरील पालकाजवळ किंवा सोबतच्या मोठ्या माणसाजवळ जागा द्यावी, असे डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये सर्व विमान कंपन्यांना बजावले आहे. आमची मुलगी आणि तिची आजी एकाच पीएनआरवर असूनही एक पुढे आणि दुसरी शेवटच्या रांगांमध्ये होती. आई-वडील वेगळ्या पीएनआरवर असल्याने ‘तुमच्याजवळ जागा देता येणार नाही, निवडीचे शुल्क भरा’ असे आम्हाला सांगण्यात आले. मूळ तिकिटावर हेच शुल्क आम्ही आधीच भरले होते. मी ते पुन्हा भरले, कारण सात वर्षांच्या मुलीला अनोळखी माणसांत बसवून तत्त्वासाठी भांडण्याची ती वेळ नव्हती. विमानात शिरल्यावर हवाई सेविकेने पाच मिनिटांत जागांची अदलाबदल करून सगळ्यांना जवळजवळ बसवले. सुट्टीवर निघालेल्या एका जवानाने खिडकीजवळची जागा कुरकुर न करता सोडली. जे काम विमानातील कर्मचारी हसतमुखाने आणि विनाशुल्क करतात, त्यासाठी जमिनीवर पैसे का घेतले जातात, हे कोडे मला सुटलेले नाही.

दिल्लीत उतरल्यावर लक्षात आले की मुलाचे पुण्याचे विमान आमच्या विमानानंतर काही तासांनी, आणि तेही दुसऱ्या टर्मिनलवरून सुटणार आहे. लेहला दिलेल्या कागदावर वेळ छापलेली होती, टर्मिनल नव्हते. पंधरा वर्षांचा मुलगा बारा वर्षांवरील म्हणून कंपनीच्या लेखी प्रौढ प्रवासी ठरतो, त्यामुळे ‘तो एकटा प्रवास करू शकतो’ हे काउंटरवरचे उत्तर नियमाला धरून होते. त्या उत्तरातील थंडपणाला मात्र कोणताही नियम लागत नाही. शेवटी पत्नी मुलाबरोबर थांबायला तयार झाली तेव्हा तिचे तिकीट बदलण्यासाठी फरकाची रक्कम मागितली गेली. वरिष्ठांना बोलावल्यावर ती रक्कम माफ झाली आणि आणखी काही वेळाने आमच्याच विमानात मुलासाठी जागाही निघाली. ती जागा सुरुवातीपासून होती की ऐनवेळी रिकामी झाली, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही.

बॅगांविषयी थोडक्यात. पुण्याच्या बेल्टवर पाचपैकी दोनच बॅगा आल्या. वजनाच्या मर्यादेमुळे लेहला काही सामान उतरवले गेले असेल तर ते समजण्यासारखे आहे. तथापि ही माहिती लेहच्या कर्मचाऱ्यांना उड्डाणापूर्वीच असते आणि आम्हाला ती पुण्यात बेल्ट थांबल्यावर मिळाली. पुण्याच्या कर्मचाऱ्यांनी सामान न मिळाल्याचा अहवाल, ज्याला पीआयआर म्हणतात, तो तत्परतेने भरून दिला, हे मान्य केले पाहिजे. बॅगा नंतर घरपोच आल्या. कुरिअरवाल्याने बॅग उघडून पाहण्याआधीच ‘सामान सुस्थितीत मिळाले’ या मजकुराखाली सही मागितली. ती मी केली नाही. एका बॅगेचे चाक तुटलेले निघाले आणि जर्दाळूच्या पाकिटांतील एक फुटून त्याचा चिकटा लोकरी कपड्यांना लागला होता.

तक्रार आधी कंपनीच्या संकेतस्थळावर केली. तेथून आलेले उत्तर ठरावीक साच्याचे होते. त्यानंतर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या २०१६ पासून सुरू असलेल्या पोर्टलवर सर्व कागदपत्रांसह नोंद केली, तेव्हा कंपनीच्या नोडल (तक्रारी हाताळणाऱ्या) अधिकाऱ्याचे प्रथमच मुद्देसूद पत्र आले आणि दुसऱ्यांदा घेतलेले जागांचे शुल्क परत मिळाले. बॅगेच्या चाकाचीही भरपाई मान्य झाली. उड्डाण रद्द झाल्याची भरपाई मात्र नाकारण्यात आली. एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ही भरपाई ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी असते. असाधारण परिस्थितीत ती द्यावी लागत नाही. परंतु सर्व वाजवी उपाय योजूनही टाळता आली नसती, अशीच परिस्थिती नियमाला अभिप्रेत आहे. लेहचा वारा कंपनीच्या हातात नव्हता. दिल्लीहून विमान वेळेवर सोडणे तिच्या हातात होते की नाही, हे ठरविण्यासाठी त्या उशिराचे कारण उघड करावे लागेल. कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पाठविलेल्या अर्जात मी एवढेच विचारले आहे आणि ‘परिचालन कारणास्तव’ असे लिहिलेला मूळ संदेश हॉटेलच्या बिलासह जोडला आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. पुणे–दिल्लीच्या साध्या प्रवासासाठी ही कंपनी मला पुन्हा चालेल. लेहसाठी मात्र यापुढे सकाळी सर्वांत आधी उतरणारे विमान ज्या कंपनीचे असेल, तिचेच तिकीट काढीन.