बिबट्याच्या गावात टॅबवरून आकाशाचे फोटो: दोन हिवाळे वापरून झाल्यावर

आमचं घर नारायणगावच्या पुढे, मागच्या बाजूला परसात सात-आठ पावलं चाललं की ऊस सुरू. जुन्नरकरांना पुढचं सांगायला नको. रात्री अकरानंतर परसात एकट्याने तासभर खाली मान घालून कॅमेऱ्यात बघत बसणं म्हणजे आईच्या शब्दात "अंधारात बसून काय उजेड पाडतोय, बिबट्याच्या तोंडी जाशील". म्हणून कॅमेरा घरातून टॅबवरून चालवायचा हा उद्योग केला, हौस नंतरची.

कॅमेरा जुनाच, कॅनन १२०० डी, याला वायफाय नाही आणि मागची स्क्रीनही वळत नाही, त्यामुळे मृग नक्षत्र डोक्यावर आलं की फोकस बघायला अक्षरशः जमिनीवर आडवं पडावं लागायचं. आता ट्रायपॉड परसात, ५ मीटरची यूएसबी केबल खिडकीतून आत, तिला ओटीजी (केबल टॅबला जोडायचा छोटा अडॅप्टर) लावून १० इंची अँड्रॉइड टॅब, आणि मी पांघरूण घेऊन कॉटवर 😄

अ‍ॅप म्हणाल तर आधी एक पैसे देऊन घेतलं होतं, ते दर वीस-पंचवीस फोटोंनी आपोआप बंद पडायचं, नाव घेत नाही. आता क्यूडीएसएलआरडॅशबोर्ड वापरतो, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), शटर, एकामागून एक फोटो, सगळं टॅबवरून होतं. पण खरी मजा फोकसची. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याला दिसतंय ते थेट स्क्रीनवर) चालू करून व्याधाच्या ताऱ्यावर झूम करायचं आणि बटणाने फोकस थोडा थोडा सरकवत तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत थांबायचं. कॅमेऱ्याच्या ३ इंची स्क्रीनवर जो फोकस मला "झालाय" वाटायचा तो टॅबवर बघितल्यावर कळलं की कधीच झालेला नव्हता, आधीच्या वर्षीचे सगळे फोटो त्यामुळेच पिठूळ आलेत. एक लक्षात ठेवा, टॅबवरून फोकस हलवताना लेन्सचं बटण एएफवर (ऑटो फोकस) हवं, जमला की बाहेर जाऊन हलक्या हाताने एमएफवर (मॅन्युअल) करायचं, नाहीतर फोटो काढताना लेन्स परत शोधाशोध करते. तेवढी एक फेरी मारावीच लागते, टॉर्च आणि काठी घेऊन.

माझ्याकडे ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही, त्यामुळे ५० एमएमच्या लेन्सला ५-६ सेकंदांच्या वर गेलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. मग ५ सेकंदांचे २०० फोटो, आयएसओ १६००, आणि नंतर लॅपटॉपवर डीपस्कायस्टॅकरमध्ये एकावर एक रचायचे. मृगातला तेजोमेघ, एम४२, गुलाबीसर दिसायला लागतो तेव्हा सगळं वसूल होतं. रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या मोठ्या मूळ फाइल) कॅमेऱ्याच्या कार्डवरच ठेवा, टॅबवर उतरवत बसलं तर दोन फोटोंच्या मध्ये चहा होईल.

आता त्रास. माझ्या टॅबला पोर्ट एकच, ते ओटीजीला गेलं की चार्जिंग बंद. कॅमेऱ्याची बॅटरी लाइव्ह व्ह्यू आणि थंडी मिळून खातात, दुसरी हवीच. कॅमेऱ्यातला ऑटो पॉवर ऑफ बंद केला नाही तर मध्येच झोपतो, कनेक्शन तुटतं. ओटीजी मी दीडशेची घेतली होती, १४० व्या फोटोला जरा हलली आणि खेळ खल्लास, ती मात्र बरी घ्या. ब्राइटनेस एकदम कमी केला तरी टॅब डोळे दिपवतो आणि मग बाहेर गेलं की पाच-दहा मिनिटं काही दिसत नाही (आमच्याकडे हे परवडत नाही), म्हणून गॅदरिंगला लाइटला लावतात तो लाल जिलेटीन कागद स्क्रीनवर चिकटवलाय. दव पडायला लागलं की टॅब काही करू शकत नाही, लेन्स धुरकटली की आवरायचं.

जवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिशा आहेत, त्यांना ना दवाची फिकीर ना बिबट्याची, हेवा वाटतो.

आणि केबल साधी असेल तर ५ मीटरच्या वर जाऊ नका. मी हावरटपणे १० मीटरची आणली होती, टॅबला कॅमेरा दिसलाच नाही. परत घेईनात, आता आई म्हणते कपडे वाळत घालायला दे.