दहावीनंतर आयटीआय: मशिनिस्ट, कोपा की मल्टिमीडिया?

दहावीचा निकाल लागला की घरात वाद ठरलेला. वडिलांना वाटतं पोराने कंपनीत लागेल असं काही शिकावं, आई म्हणते एसीत बसून कम्प्युटर चालवला तर काय बिघडलं, आणि पोरगं मोबाइलवर रील एडिट करत असतं. आयटीआयच्या ऑप्शन फॉर्मवर हे तिन्ही मार्ग एकाखाली एक दिसतात: मशिनिस्ट (मशीनवर धातू कापून भाग घडवणारा), कोपा (कम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) आणि मल्टिमीडिया अ‍ॅनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स. तिन्हींना पात्रता दहावी पास आणि शेवटी मिळणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रही सारखंच. त्यामुळे कुठलाही घेतला तरी चालेल, असं वाटू लागतं.

आधी कालावधीचं बघू, कारण बहुतेक जण इथेच फसतात. मशिनिस्ट दोन वर्षांचा, कोपा आणि मल्टिमीडिया एकेका वर्षाचे. एक वर्ष वाचतंय म्हणून पालक खुशीत असतात. पण दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या संबंधित शाखेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. एक वर्षाचा ट्रेड या नियमात बसत नाही. आता हिशेब करा. मशिनिस्टची दोन आणि डिप्लोमाची उरलेली दोन, एकूण चार वर्षं. कोपाचं एक आणि डिप्लोमाची पूर्ण तीन, तीही चारच. म्हणजे पुढे शिकायचं असेल तर वाचलेलं वर्ष हाताला लागतच नाही. डिप्लोमाच करायचा हे आधीपासून पक्कं असेल आणि मार्कही तसे असतील, तर आयटीआयच्या फंदात न पडता सरळ पॉलिटेक्निकचा फॉर्म भरावा.

मशिनिस्टला सुरुवातीचे दिवस कंटाळवाणे जातात. हातात कानस, व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आणि गुण्या लावून उजेडाकडे धरायचा: फट दिसली की पुन्हा घासा. बरीच पोरं इथेच नाराज होतात. नंतर लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग येतं, ०.०२ मिलिमीटरचा व्हर्नियर आणि ०.०१ चा मायक्रोमीटर हातात रुळतो, आणि मग सीएनसी, म्हणजे कम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन. या मशीनच्या अनेक फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर प्रोग्रॅममध्ये एक्स या अक्षापुढे १० लिहून दशांश चिन्ह विसरलात, तर मशीन त्याचा अर्थ दहा मिलिमीटर नव्हे, दहा मायक्रॉन असा घेतं. अशा बारकाव्यांची सवय व्हायला मशीनसमोर उभंच राहावं लागतं, मोबाइलवर बघून ती होत नाही. म्हणूनच या कामाला भाव टिकून आहे.

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर-अंबड, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यांत हेच काम चालतं. पण गोड चित्र रंगवायला नको. सुरुवात बहुधा ठेकेदाराकडे, शिफ्टमध्ये, दिवसभर उभ्याने, अंगाला कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) वास. नुसतं जॉब (घडवायचा तुकडा) लावायचा आणि बटण दाबायचं, इतक्यावर थांबलेला ऑपरेटर वर्षानुवर्षं तिथेच राहतो. टूल आणि ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) स्वतः लावणारा सेटर झाला की पगार हलतो, प्रोग्रॅम लिहायला लागला की आणखी. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट भरतीत चालणाऱ्या ट्रेडच्या यादीत मशिनिस्ट आणि टर्नर आहेत. कोपा नाही. ज्याला यातच मुरायचंय त्याने छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूमही बघावं. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा (हत्यारं आणि साचे बनवण्याचा) डिप्लोमा दहावीनंतर चार वर्षांचा आहे.

कोपाबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. नावात प्रोग्रॅमिंग आहे म्हणून पोरगं आयटी कंपनीत जाईल, अशी अपेक्षा ठेवू नका. वर्षभरात ऑफिसची सॉफ्टवेअर, एक्सेल, डेटाबेस, एचटीएमएल, थोडी जावास्क्रिप्ट, सायबर सुरक्षा एवढ्यावरून हात फिरतो. सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या नोकरीला ते पुरत नाही. मात्र कचेरीतल्या कामाला चांगलं चालतं. महावितरणसारख्या ठिकाणी कोपाचे शिकाऊ उमेदवार घेतात. सोबत पदवी असेल आणि मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची टायपिंगची परीक्षा दिली, तर लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातींनाही अर्ज करता येतो. बारावी किंवा पदवी करता करता जोड म्हणून कोपा उत्तम. एकट्या कोपाच्या भरवशावर घर चालवायचं असेल तर अवघड.

मुलींना सरसकट कोपाकडे ढकलतात तेही पटत नाही. तीस टक्के जागा मुलींसाठी मशिनिस्टलाही राखीव असतात.

मल्टिमीडियाचा ट्रेड मोजक्याच आयटीआयमध्ये आहे, त्यामुळे बरेच जण खासगी संस्थेकडे वळतात आणि तिथली फी ऐकून पालकांच्या पोटात गोळा येतो. या क्षेत्रात प्रमाणपत्राला सगळ्यात कमी किंमत आहे. स्टुडिओ शोरील (स्वतःच्या कामाचा नमुना व्हिडिओ) मागतो, तेच बघतो. पहिलं काम बहुधा रोटोचं: पडद्यावरच्या माणसाची कड फ्रेमगणिक कापायची. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला एकशे वीस. उडणारे केस असतील तर विचारूच नका. आता या कामात एआयही शिरलाय. शिवाय मुंबईतल्या स्टुडिओंचं बरंच काम परदेशातून येतं. २०२३ च्या हॉलिवूडच्या संपानंतर ते आटलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही स्पेशल इफेक्ट्सची बडी परदेशी कंपनी कोसळली तेव्हा तिची बंगळुरू आणि मुंबईतली कामंही बंद पडली.

तालुक्याच्या गावाचा बाजार वेगळा. लग्नसराई, निवडणुकीची रील्स, फ्लेक्स, पत्रिका, यूट्यूब चॅनेल. पैसा आहे, पण हंगामी, आणि स्वतः गिऱ्हाईक आणावं लागतं. फी भरण्याआधी पोराला सुट्टीत घरच्या कम्प्युटरवर ब्लेंडर आणि डाव्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती टाकून द्या. एखादी छोटी फिल्म त्याने स्वतःहून तडीस नेली तर पुढचा विचार करावा. रील बघण्याची आवड आणि बनवण्याची चिकाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कमाईचं म्हणाल तर अप्रेंटिसशिपला २०१९ च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी दरमहा किमान ७००० रुपये विद्यावेतन ठरवलं, आणि हा किमान आकडा ट्रेडवर ठरत नाही. फरक पडतो तो अप्रेंटिसच्या जागा कुठे निघतात यावर, आणि औद्योगिक पट्ट्यात त्या मशीनवाल्यांच्या जास्त निघतात.

तेव्हा ठाम आवड नसलेल्याला मी मशिनिस्ट सांगेन. सोबत वाणिज्य किंवा कला शाखेची पदवी होणार असेल तर कोपा. हातात दाखवण्यासारखं काम आधीच असेल तरच मल्टिमीडिया.

ट्रेड ठरला तरी संस्था डोळ्यांनी बघून या. सीएनसी मशीन चालू आहे की झाकून ठेवलंय, बॅचमागे चालते कम्प्युटर किती, त्या ट्रेडला कायमचे शिल्प निदेशक (शिकवणारे) आहेत का, हे शिकत असलेल्या पोरांनाच विचारा. वर्षाच्या १२०० तासांत ८४० तास प्रात्यक्षिकाचे धरलेले आहेत, आणि बंद मशीनवर ते कागदावरच भरतात. वर्षाला दीडशे तासांचं ऑन द जॉब ट्रेनिंगही असतं, पण त्याऐवजी गटाने प्रकल्प करायचीही सोय आहे. आपली संस्था पोरांना कंपनीत पाठवते की वर्गातच प्रकल्प उरकते, हेही विचारून घ्या. मगच फॉर्मवर क्रम लावा, कारण पहिल्या पसंतीची जागा लागली की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं.