एअरब्रशसाठी ३ लिटर टाकीवाला छोटा कॉम्प्रेसर, गणपतीच्या कामाला कितपत पुरतो?

पेणला घरीच मूर्ती रंगवतो, दीड-दोन फुटांपर्यंतच्या. सीझन जवळ आला की एअरब्रशला (हवेच्या जोरावर रंग फवारणारा पेनासारखा ब्रश) हवा कशाची घ्यायची हे कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझ्याकडे आहे तो ऑइल-फ्री, १/६ एचपीचा, ३ लिटर टाकीचा, एएस-१८६ म्हणून नाना स्टिकर लावून विकतात तोच. टाकीत ४ बार प्रेशर भरलं की आपोआप बंद, ३ वर उतरलं की परत चालू.

पैसे टाकीचेच द्यायचे. बिनटाकीचा स्वस्त पडतो पण त्याची हवा ठोके देत येते, पोटावर, धोतरावर काही कळत नाही, पण गालाची लाली नाहीतर सोंडेच्या वळ्यांतली सावली मारायला घेतली की रेघ बारीक-जाड झालीच, वर मोटर अखंड चालू म्हणजे तापणार. हातात धरायच्या बॅटरीवाल्याचंही तेच रडगाणं. हवेचा कॅन तर वापरता वापरता गार पडतो आणि प्रेशर बसतं. गॅरेजवाला २४ लिटरचा दमदार आहे, पण रात्री अकराला घरात चालवून दाखवा, शेजारी दारात हजर! माझा हा छोटा चालू असताना फोनवर बोलता येतं.

खरी कटकट पावसाची. आपलं काम ऐन आषाढ-श्रावणात, हवा ओली, ती दाबली की पाणी सुटणारच आणि ब्रश थुंकणार, तेही नेमका बॉडी कलर वाळत आलेला असताना. याच्या रेग्युलेटरला (प्रेशर कमी-जास्त करायचं बटण) पाणी अडवणारा ट्रॅप जोडूनच येतो, त्याच्या वाटीत डोळ्यादेखत पाणी साठतं, खालची पिन दाबून काढत राहायचं. काम उरकलं की टाकीच्या बुडाचा नटही सैल करा, गंजट पाणी फस्सकन उडतं, फडकं धरा. ०.३ मिमीच्या नोझलला पातळ रंगासाठी १५ ते २० पीएसआय (साधारण १ ते १.४ बार) प्रेशर बास, उगाच वाढवलं तर नुसता धुरळा.

अस्तर मारायची मोठी गन मात्र यावर विसरा, हा मिनिटाला वीसेक लिटर हवा देतो, गन ती कधीच पिऊन टाकते. दोघांनी दोन ब्रश लावून बसायलाही हा नाही. आणि सोबतचा प्लास्टिकचा पाइप कडक, मनगट ओढतो, विणलेला वेगळा घ्या, घेताना १/८ इंची आटा दोन्हीकडे बसतोय का ते दुकानातच फिरवून बघा.