टायमर की टॉनिक? 42 कोंबड्या आणि चार महिन्यांचा अनुभव

दोन वस्तूंचा रिव्ह्यू आहे, कोंबड्यांच्या शेडमधले बल्ब आपोआप लावणारा 850 चा डिजिटल टायमर आणि 640 चं अंडी वाढवायचं टॉनिक. दोन्ही स्वतःच्या पैशाने घेतलंय, नावं कुणाचीच लिहीत नाही.

आमच्याकडे 42 कोंबड्या, निम्म्या हैदराबादच्या ग्रामप्रिया जातीच्या आणि निम्म्या गावरान. दिवाळीनंतर अंडी कमी होत होत डिसेंबरात रोजची 13 वर आली. दुकानदार म्हणाला हे लिक्विड पाण्यातून द्या, हार्मोन बॅलन्स होतात. दिलं बाबा, पूर्ण 20 दिवस, अंडी 13 ची 14 झाली.

मग एका रविवारी पाहुणे आले म्हणून आईने एक म्हातारी होत आलेली कोंबडी कापली. रश्श्यात पडणारी ती पिवळी गोळ्यांची माळ सगळ्यांना माहितीच आहे, लहानपणी त्यावरून भांडणं व्हायची आमची. यावेळी मी ती रश्श्यात जायच्या आधी ताटलीत मांडून बघितली. मोठी पाच, पहिलं लिंबाएवढं, पुढचं जरा लहान, असं उतरत्या क्रमाने, आणि मग ज्वारी-मोहरीएवढ्या पांढुरक्या गोळ्यांचा नुसता खच. म्हणजे उद्याचं, परवाचं, तेरवाचं अंडं रांगेत उभं होतं.

आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यक मॅडमना फोटो पाठवला तर त्यांनी फोनवर अर्धा तास क्लासच घेतला. कोंबडीचं डावंच अंडाशय काम करतं. त्यातल्या 6 ते 8 मिलिमीटरच्या फॉलिकलमधून (म्हणजे त्याच बलकाच्या गोळ्या) साधारण रोज एकाचा नंबर लागतो, ज्याच्या पेशींमध्ये एफएसएच हे फॉलिकल वाढवणारं हार्मोन पकडणाऱ्या रिसेप्टरचा जीन जोरात चालतो ते पुढे जातं, बाकीची थांबतात किंवा जिरून जातात. निवडलेलं आठ-नऊ दिवसांत फुगून 4 सेंटिमीटरच्या आसपास जातं. त्यात भरायचा बलकाचा माल अंडाशयात बनतच नाही, तो लिव्हर बनवतं, तेही बारक्या फॉलिकलांनी सोडलेल्या इस्ट्रोजेन हार्मोनच्या सांगण्यावरून, आणि रक्तातून आलेला तो माल आत ओढून घ्यायला परत एक वेगळा रिसेप्टर लागतो. त्याचा जीन बिघडलेल्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्या आहेत म्हणे, रक्त चरबीने गच्च पण अंडं नाही. मग सगळ्यात मोठं झालेलं फॉलिकल प्रोजेस्टेरॉन हार्मोन सोडतं, त्याने मेंदूकडून एलएच हे बलक सोडवणारं हार्मोन उसळतं आणि चार-सहा तासांनी बलक सुटतो. पुढे पांढरं आणि कवच चढून बाहेर यायला 24 ते 26 तास, म्हणून अंडं रोज थोडं उशिरा पडतं आणि मधेच एखाद्या दिवसाचा खाडा येतो. कोंबडी बिघडलीय म्हणून नाही.

आता मुद्दा असा की या सगळ्याचं बटण मेंदूत आहे आणि ते उजेडाने दाबलं जातं, उजेड नुसता डोळ्यातून नाही तर कवटीतून आत पोचतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस 11 तासांचा, अंड्याच्या कोंबडीला 16 लागतो. आणि एफएसएच, एलएच ही प्रोटीनची हार्मोन्स, बाटलीतून पाजली असती तरी पोटात पचूनच गेली असती. टॉनिकवर बारीक अक्षरात बघितलं तर फक्त व्हिटॅमिन आणि कॅल्शियम! ते वाईट नाही, उन्हाळ्यात मी देईनही, पण हार्मोनच्या नावाने 640 रुपये का घेता?

टायमरबद्दल. आधी 400 चा खुंट्यांवाला घेतला होता तो घेऊ नका, लाइट गेली की त्याचं घड्याळ थांबतं, आमच्याकडे आठवड्याभरात तो पाच तास मागे पडला आणि बल्ब भर दिवसा लागायला लागले. डिजिटलमध्ये आत बॅटरी आहे, वेळ हलत नाही. सेटिंग मात्र वैतागवाडी, बारकी बटणं आणि माहितीपत्रक चिनी वळणाच्या इंग्रजीत, भाच्याने करून दिलं. पहाटे 4 ते 7 आणि संध्याकाळी 6 ते 8, पण एकदम नाही, आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवत नेलं. रात्री 8 ला अचानक अंधार झाला की कोंबड्या खालीच राहतात, दांडीवर चढत नाहीत, म्हणून झिरोचा बल्ब अर्धा तास जास्त ठेवलाय.

पहिले 15 दिवस काहीच नाही, आई म्हणाली बिल वाढवलंस नुसतं. पण नवीन फॉलिकल रांगेत लागून मोठं व्हायलाच वेळ जातो ना. सहाव्या आठवड्यात 24, आता 27 वर स्थिर आहे. यात ग्रामप्रियाच जास्त, गावरानातल्या तीन तर उजेड असूनही खुडूक बसल्या, प्रोलॅक्टिन हे खुडूक बसवणारं हार्मोन वाढलं की अंडाशय आक्रसतं, तो रक्तातला गुण आहे, तिथे टायमर काय करणार.

एक चूक माझी, 14 आठवड्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) त्याच शेडमध्ये ठेवल्या. लवकर अंड्यावर आल्या, अंडी सुपारीपेक्षा थोडी मोठी, आणि एकीचं अंग बाहेर आलं, ती गेली. तलंगा वेगळ्या ठेवा.

टायमरला 5 पैकी 4, टॉनिकला 2. कोंबडाही आता पहाटे 4 ला आरवतो, शेजारच्या काकू चिडल्या होत्या, सध्या दर बुधवारी त्यांच्याकडे सहा अंडी पोचवतो.