नाशिकमधील टोस्टमास्टर्स क्लब: बुजऱ्या विद्यार्थिनीचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी नाशिकमधील एका टोस्टमास्टर्स क्लबच्या, म्हणजे चारचौघांसमोर भाषण करण्याचा सराव करणाऱ्या मंडळाच्या, सभांना नियमित जात आहे आणि चारचौघांत बोलायचे म्हटले की ज्यांच्या घशाला कोरड पडते, अशा विद्यार्थ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण निफाड तालुक्यातील आमच्या गावी मराठी माध्यमातून झाले. अभियांत्रिकीसाठी नाशिकला आल्यावर तोंडी परीक्षा, सेमिनार आणि प्रकल्पाचे सादरीकरण हे सगळे इंग्रजीतून आणि सगळ्यांसमोर करावे लागणार, याची मला कल्पना होती. तयारी मात्र नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या सेमिनारमध्ये मी अकरा स्लाइड पडद्याकडे तोंड करून वाचून काढल्या आणि कोणी प्रश्न विचारण्याआधीच जागेवर जाऊन बसले. विषय मला चांगला येत होता, पण तो समोरच्या एकाही माणसापर्यंत पोहोचला नाही, याचे वाईट मला कमी गुणांपेक्षा जास्त वाटले.

त्यानंतर मी शहरातील एका व्यक्तिमत्त्व विकास वर्गाला सहा हजार रुपये भरले. चार रविवार, चाळीस विद्यार्थी आणि एक प्रशिक्षक असा तो वर्ग होता. आरशासमोर उभे राहण्याचा सराव, जोरजोरात टाळ्या, ‘मला भीती वाटत नाही’ हे वाक्य एकसुरात म्हणणे, यातच पहिले तीन रविवार गेले आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाला दोन मिनिटे मिळाली. मी पाठ केलेला उतारा म्हणून दाखवला. तो कसा झाला हे मला कोणी सांगितले नाही आणि सांगायला वेळही उरला नव्हता.

टोस्टमास्टर्सची पद्धत याहून मुळातच वेगळी आहे. राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे, वायएमसीए या तरुणांसाठीच्या संस्थेच्या इमारतीत पहिला क्लब सुरू केला आणि आज जगभर त्याच नमुन्यावर सभा चालतात. येथे पगारी शिक्षक नसतो. सदस्यच भाषण करतात, सदस्यच त्याचे मूल्यमापन करतात आणि सभेची सगळी कामे आपापसांत वाटून घेतात. ही कामांची वाटणी बुजऱ्या माणसाला किती उपयोगी पडते, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही; माझ्या मते क्लबचा सर्वांत मोठा गुण तोच आहे.

माझ्या पहिल्या कामाचा दिवस मला स्पष्ट आठवतो. बँकेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही विद्यार्थी काका म्हणतो, माझ्याजवळ आले आणि हिरवे, पिवळे व लाल अशी तीन कार्डे माझ्या हातात देऊन म्हणाले, “आज तू फक्त घड्याळ सांभाळ. भाषण नाही करायचं.” या कामाला टायमर म्हणतात. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवे, सहाव्याला पिवळे आणि सातव्याला लाल कार्ड दाखवायचे आणि शेवटी उभे राहून प्रत्येकाने किती वेळ घेतला ते वाचून दाखवायचे. पिवळे कार्ड मी संकोचाने इतके खाली, जवळजवळ मांडीवरच धरले की ते वक्त्याला दिसलेच नाही आणि त्यांचे भाषण लांबले. सभा संपल्यावर काका एवढेच म्हणाले, “पुढच्या वेळी कार्ड खांद्याच्या वर धर, बाळा. तू दाखवलं नाहीस तर त्यांना कळणार कसं?” त्या प्रश्नाने माझ्यात खरा बदल सुरू झाला. आपण दिसू नये म्हणून मी आजवर धडपडत होते. येथे मात्र मी दिसले नाही तर दुसऱ्याचे नुकसान होत होते.

पुढच्या महिन्यांत मी आ-काउंटर झाले, म्हणजे वक्त्यांच्या बोलण्यातील ‘अं’, ‘सो’, ‘बेसिकली’ असे निरर्थक शब्द मोजून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. दुसऱ्यांचे ‘अं’ मोजता मोजता मला कळले की अनुभवी वक्तेही अडखळतात, क्षणभर थांबतात आणि पुन्हा सूत्र पकडतात. त्याच काळात व्याकरण पाहणारा, मूल्यमापन करणारा आणि सभेचे सूत्रसंचालन करणारा यांच्याशी आठवडाभर आधीपासून संपर्क ठेवावा लागला. एखाद्याने ऐनवेळी नकार दिला तर त्याची जागा कोणी घ्यायची, हे आम्ही फोनवर ठरवत असू. सांघिक काम म्हणजे काय हे मी महाविद्यालयातील गट-प्रकल्पांपेक्षा येथे अधिक नीट शिकले, कारण येथे एकाने काम टाळले तर त्याची उणीव त्याच संध्याकाळी सगळ्यांना जाणवते.

पहिले भाषण स्वतःची ओळख करून देणारे असते. त्याला आइसब्रेकर म्हणतात आणि त्यासाठी चार ते सहा मिनिटे मिळतात. मी आमच्या द्राक्षबागेवर बोलले. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील गोडी छाटणी यांत काय फरक आहे, पहिलीत पुढच्या हंगामाच्या काडीची तयारी कशी होते आणि दुसरीनंतर अवकाळी पाऊस आला तर घरातले सगळे आभाळाकडे कसे पाहत बसतात, हे मी सांगितले. माझे इंग्रजी दोन-तीन ठिकाणी अडले. मूल्यमापन करणाऱ्या ताईंनी मात्र व्याकरणापासून सुरुवात केली नाही. त्या म्हणाल्या की डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, राखून काडी कुठे कापायची हे मी कात्री धरल्यासारखी बोटे करून दाखवले, त्या क्षणी सभागृहातील प्रत्येकाचे लक्ष माझ्या हाताकडे होते, पण त्यानंतर लगेच मी नजर खाली वळवली. इतके नेमके निरीक्षण आजवर माझ्याबद्दल कोणी केले नव्हते. क्लबच्या अभ्यासक्रमातील पुढच्या एका टप्प्यात भाषण करून मिळालेल्या सूचनांनुसार पुन्हा भाषण करायचे असते आणि मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ‘सुधारणा करा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण सुधारून दाखवण्याची दुसरी संधी क्वचितच मिळते.

टेबल टॉपिक्स या भागात आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलावे लागते. तो भाग मला अजूनही जड जातो.

जाण्याआधी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. मी जाते तो क्लब इंग्रजीतून चालतो. मराठी माध्यमाच्या मुलांना सुरुवातीचा महिना दडपण येते, पण शब्द अडला म्हणून तेथे कोणी हसलेले मी पाहिलेले नाही. सदस्यत्वासाठी 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. मी सदस्य झाले तेव्हा आंतरराष्ट्रीय वर्गणी सहा महिन्यांना 60 डॉलर आणि नव्या सदस्याचे एकवेळचे शुल्क 20 डॉलर होते; विद्यार्थ्याच्या खिशाला ही रक्कम लहान नाही. मी ती शिकवणी घेऊन जमवली. पाहुणे म्हणून मात्र पैसे न भरता जाता येते, त्यामुळे दोन-तीन सभा पाहूनच निर्णय घ्यावा आणि सदस्य झाल्यावर पहिल्याच दिवशी टायमरचे काम मागून घ्यावे. गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला ऐकत मोठ्या झालेल्या आणि 1840 पासूनचे सार्वजनिक वाचनालय जपणाऱ्या या शहराला उत्तम श्रोते मिळालेले आहेत. त्या श्रोत्यांतील तरुणांना बोलण्याच्या सरावासाठी अशा जागा अजून हव्या आहेत आणि त्या मराठीतही हव्या आहेत, असे मला मनापासून वाटते.

मागच्या महिन्यात आमच्या चौघांच्या गटाचे प्रकल्प सादरीकरण होते. आमच्यातील एक मैत्रीण माझ्यासारखीच गप्प राहणारी. सरावाच्या पहिल्या दिवशी मी तिच्याकडे घड्याळ आणि तीन रंगांचे कागद दिले, दुसऱ्या दिवशी तिने आमच्या वेळा वाचून दाखवल्या आणि चौथ्या दिवशी तिने स्वतःच्या दोन स्लाइड न पाहता समजावल्या. प्रत्यक्ष सादरीकरणात परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले. पहिल्याचे उत्तर तिने दिले. दुसऱ्याचे मी दिले आणि देताना माझी पाठ पडद्याकडे होती.