पॅनल भारतातलंच होतं, तरी मी फसलो

माझी सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपात गेली, त्यातली शेवटची अकरा वर्षं स्टोअरला. ब्रेक लायनर येवो की बेअरिंग, खोकं फोडायच्या आधी मी त्यावरची छपाई निरखायचो. डुप्लिकेट मालाचं खोकं खऱ्यापेक्षा जरा जास्तच चकचकीत असतं, हे नव्या पोरांना मीच सांगायचो. आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या गच्चीवरच्या सोलरमध्ये मीच ७८ हजारांना फसलो. सहा महिने हे भावकीत कुणाला कळू दिलं नाही. आता आमच्या गल्लीतच आणखी चार घरांवर सोलर बसायची बोलणी चालू झाली, म्हणून लिहितोय.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वीजबिलाचं वेगळं सांगायला नको. दोन कूलर, एक एसी, वर थोरल्या मुलाचं घरूनच चालणारं काम. मे महिन्याचं बिल बघून ही म्हणाली, ते सोलरचं बघा की एकदा. 'पीएम सूर्यघर' योजना पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर केली, एक कोटी घरं आणि ७५,०२१ कोटींची तरतूद, एवढं पेपरात वाचलेलं होतं. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किलोवॉटला ७८ हजार सबसिडी. त्यापुढे कितीही मोठी सिस्टीम बसवा, रक्कम तेवढीच. पैसे आधी आपण पूर्ण भरायचे, मीटर लागून सिस्टीम चालू झाली की सबसिडी थेट आपल्या बँक खात्यात. ही 'आधी पूर्ण भरायचे' अट ध्यानात ठेवा, माझं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

सोलरवाला ओळखीतून आला. शर्ट इन केलेला, हातात टॅब, तोंडात सारखं "काका, काका". तीन किलोवॉटचे १ लाख ९२ हजार सांगितले. मी आणखी दोन ठिकाणी विचारलं होतं, ते दोघेही याच्यापेक्षा दहा-बारा हजारांनी महाग. मी स्टोअरवाला माणूस, स्वस्त माल दिसला की आधी कारण विचारायची मला सवय. विचारलंही. तर म्हणाला, "काका, आमची खरेदी लॉटमध्ये असते. माल शंभर टक्के इंडियन. बसवायला आणला की मागचं स्टिकर तुम्हीच वाचा."

पॅनल आली तेव्हा वाचलं. मागच्या बाजूला कंपनीचं नाव, ५४० वॉट, ठळक अक्षरात 'मेड इन इंडिया', आणि त्याच्या खाली वेगळ्या छोट्या स्टिकरवर 'डीसीआर'. सहा पॅनल, सहाही तशीच. मी समाधानानं चहा टाकायला सांगितला.

हे 'डीसीआर' काय असतं ते मला तेव्हा अर्धवटच माहीत होतं. अर्धवट माहिती ही कोऱ्या अज्ञानापेक्षा वाईट, कारण माणूस पुढचा प्रश्नच विचारत नाही. मी धरून चाललो होतो की पॅनल भारतात बनलं म्हणजे डीसीआर. तसं नाही. पॅनलमध्ये ते निळे-काळे चौकोन दिसतात ना, ते सेल. वीज तयार होते ती त्यांच्यात. सेल ओळीत जोडायचे, काचेखाली लॅमिनेट करायचे, अॅल्युमिनियमची फ्रेम ठोकायची, की पॅनल तयार. ही जोडणी करणारे कारखाने आपल्याकडे भरपूर झालेत. सेल बनवणारे मात्र त्या मानानं थोडे, त्यामुळे पुष्कळ सेल बाहेरून येतात, मुख्यतः चीनहून. चिनी सेल घेऊन गुजरातेत पॅनल जोडलं तरी त्यावर 'मेड इन इंडिया' छापता येतं, आणि ते खोटंही नाही. पण डीसीआर, म्हणजे देशी घटकांची अट, पुरी व्हायला पॅनलही इथलं लागतं आणि आतला सेलही इथलाच. सूर्यघरची सबसिडी फक्त अशाच पॅनलला मिळते.

या अटीचा इतिहास मी नंतर भाच्याकडून ऐकला, तो पुण्यात याच धंद्यात आहे. नेहरू सौर मिशन या केंद्राच्या आधीच्या सौर योजनेच्या काळात देशी मालाची सक्ती केली म्हणून अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत आपल्यावर तक्रार केली आणि २०१६ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला. पुढे ही अट मुख्यतः सरकार स्वतःचा पैसा घालतं अशा योजनांपुरती राहिली. मग सरकारनं दुसऱ्या वाटा काढल्या. १ एप्रिल २०२२ पासून आयात पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावलं. देशी उत्पादकांना उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन दिलं, आधी ४,५०० कोटी, मग आणखी १९,५०० कोटी. मंजूर पॅनलची यादी केली, आणि १ जून २०२६ पासून सेलसाठीही तशीच यादी लागू करायचा आदेश डिसेंबर २०२४ मध्ये काढला.

मला यात काही गैर वाटत नाही. उद्या चीननं नळ बंद केला तर आपल्या गच्च्या रिकाम्या राहायला नकोत. पण या सगळ्यानं देशी सेलचं पॅनल महाग राहतं. मी चौकशी केली तेव्हा वॉटमागे आठ-दहा रुपयांचा फरक होता, म्हणजे माझ्या सहा पॅनलमागे पंचवीस-तीस हजार. बाहेरून दोन्ही पॅनल दिसायला सारखी. जिथं दोन वस्तू सारख्या दिसतात आणि किमतीत एवढं अंतर असतं तिथं डुप्लिकेटवाला उभा राहणारच, हे वर्कशॉपात काम केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. कारखानदाराला सीमाशुल्काचं संरक्षण आहे, अनुदानाचं आहे. गिऱ्हाईकाच्या वाट्याला काय, तर स्टिकर.

पैसे मी असे दिले: ५० हजार ऑनलाइन, १ लाख २० हजारांचा चेक, आणि उरलेले २२ हजार रोख, ज्याची पावती आजतागायत मिळालेली नाही. बिलावर फक्त 'सोलर सिस्टीम ३ किलोवॉट, १ नग'. पॅनलचे नंबर नाहीत, डीसीआरचा उल्लेख नाही. सूर्यघरच्या पोर्टलवरची सबसिडीची नोंदणीही त्यानंच त्याच्या टॅबवर केली. "काका, ओटीपी सांगा," मी सांगितला. ग्राहक क्रमांक माझा, बँक खातं माझं, पण मोबाइल नंबर पुढे त्यानं स्वतःचाच टाकून घेतला होता. त्यामुळे अर्ज कुठं अडला, का अडला, याचा एकही मेसेज माझ्यापर्यंत आला नाही.

नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, लागलं, बिल खाली आलं, घरात आनंद. सबसिडी महिन्याभरात येईल म्हणाला होता. दुसऱ्या महिन्यात "सर्व्हर डाऊन आहे", तिसऱ्या महिन्यात "मार्च एंडिंगचं बघतोय", चौथ्या महिन्यात फोनच उचलेना. शेवटी मी वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या एका तरुण अभियंत्यानं कॉम्प्युटरवर अर्ज उघडला आणि विचारलं, "काका, तुमच्या पॅनलचे नंबर तुम्ही स्वतः बघितलेत का?" मी म्हणालो, मागचं स्टिकर बघितलंय. तो म्हणाला, "मागचं नको. काचेच्या आतला."

घरी आलो, गच्चीवर चढलो. पॅनलच्या काचेखाली, वरच्या कडेशी, सेलच्या शेजारी एक बारीक पट्टी असते. तिच्यावर बारकोड आणि नंबर. ती लॅमिनेशनच्या वेळीच आत जाते, पॅनल फोडल्याशिवाय बदलता येत नाही. मागचं स्टिकर मात्र कुणीही उपटून दुसरं लावू शकतो. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, चष्मा पुसून पुसून, मी सहाही नंबर वहीत उतरवले. मग वाकून मागचे नंबर घेतले. एकही जुळेना. गाडीचा चेसिस नंबर एक आणि आरसी बुकात दुसरा, तशातला प्रकार. अर्जासोबत लावलेल्या डीसीआर प्रमाणपत्रावर मागच्या स्टिकरचे नंबर होते, आणि ते आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी छपरावर लागल्याची नोंद होती. अर्ज त्यामुळेच परत आला होता. खऱ्या प्रमाणपत्राची झेरॉक्स किती घरांना पुरवली असेल, देव जाणे.

मी वहीतले नंबर घेऊन सोलरवाल्याच्या दुकानात गेलो. आधी म्हणाला, कंपनीची चूक. मग म्हणाला, "काका, वीज तर येतेय ना? तुम्हाला काय फरक पडतो?" याचं उत्तर मला तिथं सुचलं नाही. खरंच, वीज येतेय. पॅनल वाईट नाहीत. दिवसाला बारा-तेरा युनिट देतात. पण मी डीसीआरचे पैसे मोजले होते आणि सबसिडी धरून हिशेब केला होता.

इथून पुढचं थोडक्यात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला, तक्रार नोंदली, मराठीत बोलता आलं. सोलरवाल्यानं त्यांना उत्तरच दिलं नाही. मग रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, पंधरा दिवस दिले. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची, घटना घडल्यापासून. मी सहा महिने लाजेनं गप्प बसलो ते त्या दोन वर्षांतूनच गेले.

तक्रारीला कामाला आलं काय, तर त्याचा व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेज: 'काका १०० टक्के डीसीआर, सबसिडी गॅरंटी'. बिलात नसलेला शब्द तिथं होता. 'अनुचित व्यापारी प्रथा' ही कलमाची भाषा त्या एका ओळीवर उभी आहे. मी मोबाइल बदलताना जुने मेसेज पुसणार होतो, नातीनं थांबवलं. २२ हजार रोख दिले त्याला मात्र काहीच पुरावा नाही. तो भाग मी तक्रारीत लिहिलाय, पण त्यावर माझी फारशी आशा नाही.

नोटीस मिळाल्यावर दोनच दिवसांत तो घरी आला. पेढ्यांचा पुडा आणि शंभराचा स्टॅम्प पेपर. २५ हजार घ्या आणि 'काही तक्रार नाही' असं लिहून द्या. मी क्षणभर ढिला पडलो होतो, खोटं कशाला बोलू. ही आतून म्हणाली, "७८ मधून २५ गेले की किती उरतात, ते त्या कागदावर लिहून आणा म्हणावं." पेढे परत गेले. आयोगात आतापर्यंत दोन तारखा झाल्या, दोन्ही वेळा समोरची बाजू गैरहजर.

मागच्या आठवड्यात समोरच्या गुरुजींकडे पॅनल आली. वेगळा सोलरवाला, वेगळी कंपनी. गुरुजींनी मला हाक मारली. पॅनल अजून भिंतीला टेकवलेली होती, वर चढवायच्या आधीच मी बॅटरी घेऊन काचेतले नंबर वाचले आणि गुरुजींच्या मुलानं ते एकेक करून डीसीआरच्या सरकारी पोर्टलवर टाकले. पाच बरोबर निघाले. सहावा नंबर पोर्टलला सापडेना. पोरगं म्हणालं, तुम्ही आठाच्या जागी तीन वाचला असेल. परत वाचला. आठ नव्हता, तीनच होता. टेम्पोवाला वैतागला, सोलरवाला म्हणाला उद्या बदलून देतो. गुरुजी म्हणाले, मग उरलेले पैसेही उद्याच.