आइंडहोव्हनमध्ये घरचं बाळंतपण : सुईण, क्रामझोर्ख आणि भाड्याचे ठोकळे

आमची धाकटी लेक फेब्रुवारीत घरीच झाली, वरच्या मजल्यावरच्या आमच्या बेडरूममध्ये. तेव्हापासून इथल्या, म्हणजे नेदरलँड्समधल्या, मराठी मैत्रिणींचे फोन थांबत नाहीत. भीती नाही वाटली? पैसे किती गेले? नवरा खरंच खोलीत होता का? म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते आहे. सुईणींची प्रॅक्टिस, बाळंतपणानंतर घरी येणारी मदत म्हणजे क्रामझोर्ख, आणि भाड्याने आणलेल्या दोन वस्तू, या सगळ्यांबद्दल.

थोरल्याच्या वेळचं आधी सांगायला हवं. तो पुण्यात झाला, एका खाजगी हॉस्पिटलात. सोळा तास कळा दिल्या. नवरा त्यातले सोळाही तास दाराबाहेरच्या बाकावर होता. त्याने दोनदा विचारलं, दोनदा उत्तर मिळालं, "पुरुषांना आत सोडत नाही." आत मला कोणी वाईट वागवलं असं नाही, पण ओळखीचा एक हात नव्हता. त्याने मुलगा पाहिला तो दुपट्यात गुंडाळलेला, आणि मला पाहिलं ते सगळं आवरल्यावर. दुसऱ्या वेळी माझी अट एकच होती, हा माणूस माझ्याजवळ पाहिजे.

नेदरलँड्समध्ये गरोदरपण सुरळीत असेल तर तुम्ही डॉक्टरकडे जातच नाही. तपासणीपासून बाळंतपणापर्यंत सगळं सुईण बघते. तिला इथे फरलोस्कुंडिखे म्हणतात. आपल्याकडे सुईण म्हटलं की वाड्यावस्तीवरची म्हातारी डोळ्यांपुढे येते. इथे ती चार वर्षांची पदवी घेतलेली असते, तिच्या बॅगेत ऑक्सिजन, रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन आणि टाक्यांचं सामान असतं. एकदा तपासताना तिने सहज विचारलं, "कुठे बाळंत व्हायचंय?" पहिल्यांदा मला प्रश्नच कळला नाही.

१९६०च्या सुमाराला या देशात निम्म्याहून जास्त मुलं घरी जन्मायची. आता साधारण सातातलं एक. घरी गेल्यावर नवऱ्याने रात्रभर वाचन केलं. २००९ साली इथल्या ५,२९,६८८ कमी जोखमीच्या बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्रशिक्षित सुईण आणि जवळ हॉस्पिटल असेल तर घरी ठरवलेल्या बाळंतपणात बाळाला धोका जास्त आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष. आम्ही तो आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "मी घरीच जन्मले, पण माझी मोठी बहीण घरीच गेली, हे विसरू नकोस." तिचं ते वाक्य मी विसरले नाही, आणि सुईणीला जसंच्या तसं सांगितलं. ती घाईने काही बोलली नाही. कुठल्या कुठल्या वेळी आपण हॉस्पिटलात निघायचं ते तिने एका कागदावर लिहून दिलं. सदतीस आठवड्यांच्या आत कळा आल्या तर. बेचाळीसच्या पुढे गेलं तर. गर्भाच्या पाण्यात बाळाची शी दिसली तर. बाळाचे ठोके मंदावले तर. तो कागद शेवटपर्यंत फ्रिजवर होता. हॉस्पिटल गाडीने बारा मिनिटांवर, हे आम्ही दोनदा जाऊन मोजलं.

घर बघायलाही माणूस येतो. इथले जिने उभे आणि अरुंद असतात, स्ट्रेचर वळत नाही. तशी वेळ आली तर अग्निशमन दल खिडकीतून खाली उतरवतं, हे कळल्यावर नवऱ्याने खिडकीची चौकट टेपने मोजून ठेवली.

आता ठोकळे. याबद्दल मराठीत कुणीच लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून जरा लांबण लावते. तुमचा पलंग गादीच्या वरच्या कडेपर्यंत साधारण ८० सेंटिमीटर उंच लागतो, कारण सुईणीला आणि क्रामझोर्खच्या बाईला दिवसभर वाकून काम करायला लावायचं नाही. ही त्यांच्या पाठीची काळजी आहे आणि तिला कायद्याचा आधार आहे. त्यासाठी पायांखाली घालायचे ठोकळे, क्लोसेन, वैद्यकीय सामानाच्या दुकानात भाड्याने मिळतात. आम्ही चार आणले. घरी आल्यावर लक्षात आलं की डबल बेडला मधोमध पाचवा पाय असतो आणि तो आता हवेत लोंबकळतोय. नवरा पुन्हा गेला, आणखी एक घेऊन आला. तेव्हा पाय मोजून जा. ठोकळे मजबूत आहेत, वरचा खळगा खोल आहे, पलंग तसूभरही सरकत नाही. फक्त चढायला पायरी लागते, नवव्या महिन्यात तर लागतेच.

दुसरी वस्तू टेन्स मशीन, कळांचं दुखणं हलकं करायला. पाठीला चार पट्ट्या चिकटवायच्या, दोन बरगड्यांखाली आणि दोन कमरेच्या खाली, त्यातून बारीक विजेच्या मुंग्या येतात. कळ आली की हातातलं बटण दाबून जोर वाढवायचा. पहिले दोन तास मला त्याचा चांगला उपयोग झाला. पुढे कळांपुढे ते थिटं पडलं. पाण्यात चालत नाही, शॉवरखाली जायचं तर काढावं लागतं. माझ्या मते भाडं वसूल झालं, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. घरी कमरेतून द्यायचं भुलीचं इंजेक्शन मिळत नाही, ते फक्त हॉस्पिटलात, हे आधी मनाशी पक्कं करून ठेवा.

रात्री पावणेअकराला भांडी विसळताना पहिली खरी कळ आली. नवऱ्याने हातातलं ताट काढून घेतलं आणि घड्याळ बघितलं. साडेबारापर्यंत पाच-पाच मिनिटांवर आल्या. थोरला झोपेतच शेजारच्या डच आजींकडे गेला, उशी आणि खेळण्यातल्या सशासकट. सुईणीला फोन लावला तर ती नवऱ्याला म्हणाली, "तिला दे." मी बोलता बोलता कळ आली, मी गप्प झाले, ती पलीकडून तशीच ऐकत राहिली. कळ ओसरल्यावर म्हणाली, "निघते."

ती येईपर्यंतची चाळीस मिनिटं आम्ही दोघंच होतो. मी पलंगाच्या कडेवर कोपरं टेकून उभी, पलंग उंच असल्याने ते बरोबर जमलं. नवरा मागे. कळ सुरू झाली की मी नुसतं "आली" म्हणायचे आणि तो तळहाताच्या टाचेने माझ्या माकडहाडाच्या वर दाबायचा. चोळायचा नाही, थोपटायचा नाही, दाबून धरायचा. त्याआधी कळ म्हणजे कुणीतरी कंबर आतून उसवतंय असं वाटायचं. तो हात आला की ती उसवण्याची जागा कुणीतरी मुठीत पकडून ठेवल्यासारखी व्हायची. दुखणं जात नाही. पण त्याला काठ मिळतो. त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही, आणि तेच मला हवं होतं. मध्येच पाण्याच्या बाटलीत नळी घालून ओठांशी धरायचा.

सुईण आली. तपासलं, गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं. मग तिने जे केलं त्यासाठी मी या प्रॅक्टिसला मनापासून मानते. ती खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर बसली. दर पंधरा मिनिटांनी उठून बाळाचे ठोके ऐकायची, पुन्हा जाऊन बसायची. तिने नवऱ्याची जागा घेतली नाही. एकदाच त्याचा हात धरून दोन बोटं खाली सरकवला आणि म्हणाली, "इथे. आणि जोराने, ती मोडणार नाही." ती दोन बोटं खाली सरकलेली जागा आमच्या दोघांच्याही लक्षात राहील.

तीनच्या पुढे तिने बाळंतपणाची बुटकी तिवई काढली, पुढून अर्धगोल कापलेली. नवऱ्याला खालून जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणायला सांगितली. तो खुर्चीवर, त्याच्या गुडघ्यांच्या मध्ये मी तिवईवर, माझे दंड त्याच्या मांड्यांवर. प्रत्येक कळेला मी मागे रेलायचे आणि त्याचं पोट माझ्या पाठीला लागायचं, त्याचा श्वास लागायचा. तीन बावन्नला मुलगी झाली. सुईणीने तिला उचलून सरळ माझ्या छातीवर ठेवलं आणि तीन माणसं एका खुर्चीच्या आधाराने तशीच बसून राहिलो. नाळेचे ठोके थांबल्यावर ती नवऱ्याने कापली. पुढे वार पडली, ती सुईणीने परातीत पसरून दाखवली, झाडाच्या फांद्यांसारख्या शिरा. आमच्या घराण्यात वार पाहिलेला हा पहिला पुरुष असावा.

आता तक्रार. बाळंतपणाच्या वेळी सुईणीच्या हाताखाली क्रामझोर्खची बाई यायला हवी. नियमाने रात्री एक वाजता फोन केला होता. ती पोचली मुलगी झाल्यावर पंचवीस मिनिटांनी. त्या रात्री त्यांच्याकडे माणूस कमी होता, ती दुसऱ्या गावाहून येत होती. सुईणीने कापडं गरम पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळून, चिमटे, पिशव्या, सगळं हाताशी लावून ठेवलं म्हणून निभावलं. पण पहिलटकरणीला ही पंचवीस मिनिटं फार जड गेली असती. आम्ही बाराव्या आठवड्यात नोंदणी केली होती, तरी हे झालं. चौथ्या दिवशी न कळवता बाई बदलली आणि शनिवारी-रविवारी तास कापले, तेही आम्हीच फोन करून विचारल्यावर कळलं. मी लेखी तक्रार केली आहे. बाळंतिणीला दर दोन दिवसांनी नवा चेहरा देऊ नये.

आणि तरीही क्रामझोर्खची पहिली बाई आमच्या घरी आली हे आमचं भाग्य. मला आंघोळ घातली, चादरी काढल्या, कपड्यांचं मशीन लावलं. साडेसहाला त्या खोलीत रात्रीची खूण राहिली नव्हती. मग ताटलीत दोन गोल टोस्ट घेऊन आली, वर लोणी आणि गुलाबी-पांढऱ्या बारीक गोळ्या. बेस्खाउट मेट माउशेस. बाळ झालं की इथे हेच वाटतात. मी एक गोळी चावली आणि चव ओळखली. साखरेत घोळवलेली बडीशेप, तिच्या अगदी जवळचा दाणा. त्याने दूध वाढतं असं पूर्वी मानायचे, म्हणाली. माझ्या उशाशी आईने पाठवलेली बाळंतशेपेची पुडी होती. मी ती उघडून तिच्या हातावर ओतली. ती हुंगत उभी राहिली.

ती होती तेवढ्या दिवसांत तिने जे केलं त्यातलं निम्मं नवऱ्याला शिकवण्यात गेलं. पत्र्याची गरम पाण्याची बाटली बाळाच्या अंथरुणात कशी ठेवायची हे तिने त्याच्याकडून तीनदा करून घेतलं: भरायची, झाकण घट्ट करायचं, उलटी धरून गळते का बघायचं, कापडात गुंडाळायची, पांघरुणाच्या बाहेर, बाळापासून वीतभर दूर, झाकण पायांकडे. वही तोच भरायचा, ताप, शू, शी, दूध. दुसऱ्या संध्याकाळी तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की उद्या-परवा ही रडेल, कारण विचारू नकोस, जवळ बस. इथे त्या रडण्याला नावच आहे, क्रामट्रानेन, बाळंतपणातले अश्रू. तिसऱ्या दिवशी मी खरंच रडले, आणि तो काहीही न विचारता जवळ बसला.

आईला व्हिडिओवर दोन गोष्टी खटकल्या, आणि दोन्हींत ती बरोबर होती असं नाही, पण एका बाबतीत होती. खिडकी रोज पंधरा मिनिटं उघडायचा क्रामझोर्खच्या बायकांचा आग्रह. आई ओरडायची, कान बांध. मी कान बांधले आणि खिडकी उघडी ठेवली. मालिश आणि शेक मात्र इथे नाही. अंग मोडून आलं की ते आठवायचं. आई दहाव्या दिवशी पोचली तेव्हा तिच्या हाताने तेल लागलं, आणि बारशाआधी मी पुन्हा सरळ चालू लागले.

पैशांचं : सुईणीचा खर्च मूळ आरोग्य विम्यातून, एरवी उपचारांवर वर्षाला आधी आपण भरायची ३८५ युरोंपर्यंतची पहिली रक्कमही त्यावर कापत नाहीत. क्रामझोर्खला ताशी साधारण ५ ते ६ युरो आपले जातात. आमचे ४९ तास मंजूर होते. वैद्यकीय कारण नसताना हॉस्पिटल निवडलं तर मात्र काही पैसे खिशातून भरावे लागतात. नवऱ्याला आठवडाभर पूर्ण पगारी रजा मिळाली, पुढचे पाच आठवडे ७० टक्क्यांवर. ती सगळी घ्या म्हणावं, ऑफिसची कामं मागे पडली तरी.

पहिली खेप असेल तर घरी सुरू करून वाटेत हॉस्पिटलात जावं लागण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा बॅग भरून दाराशी ठेवा. नोंदणी करताना एक गोष्ट लेखी घ्या, रात्री बोलावलं तर बाई किती वेळात पोचेल आणि ती नसेल तर कोण. आम्हाला उत्तर मिळालं होतं "लवकरात लवकर", आणि आम्ही ते चालवून घेतलं होतं.